मामा, यंदा हरणं किती होती?

“यंदा तर त्याला एक पण हरण दिसला नाय,” सलीमभाई दाराबाहेर चपला काढता काढता म्हणाले.

“हळू बोल. आत पोरगी आहे,” शिंदेकाका म्हणाले.

पोरगी म्हणजे मी, दाराच्या आतच उभी होते, हातात पाण्याचा ट्रे घेऊन. दोघे तुझ्या कॅम्पमधून, दुक्महून, तुझी बॅग घेऊन आले होते. बाबा तुला घेऊन गावी गेले त्याला काही दिवस झाले होते. आईचा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेलेला, म्हणून सख्ख्या भावाला शेवटचं पोचवायला तिला जाता आलं नाही. मग माणसं आमच्याच फ्लॅटवर येत होती, मस्कतमध्ये, बौशरला, चौथ्या मजल्यावर. मी दार उघडायची, पाणी द्यायची आणि खुर्ची पुढे सरकवायची. अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. तुला माहीतच आहे, मला कुठल्याच वेळी फारसं बोलता येत नाही.

मी दोघांना पाणी दिलं. सलीमभाईंनी ग्लास घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आई तुझी बॅग मांडीवर घेऊन बसली, ती उघडली मात्र नाही. आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून एकच गोष्ट समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. यंदा तुला एकही हरण दिसलं नसेल, तर थंडीभर दर आठवड्याला फोनवर मला सांगत होतास ती हरणं कोणाची होती?

“आज नऊ गो बाय. त्यात दोन पिल्लं.” हा तुझा शेवटचा निरोप. अजून माझ्या फोनमध्ये आहे. मागे कोणीतरी ताटं आपटतंय आणि तू हसतोयस. मी तो पुन्हा ऐकला. तुझ्या आवाजात खोटं सापडतं का ते शोधत होते. सापडलं नाही, पण मला ते शोधता येतं असंही नाही.

तुझी हरणं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी शाळेत होते. तू तेव्हा पिकअप चालवायचास, मस्कतहून सामान भरून दुक्मला. एकदा आईला आणि मला सोबत घेतलंस, समुद्र दाखवतो म्हणून. सिनाव गाव मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच उरलं नाही. सपाट, पांढुरकी जमीन, आणि कुठेतरी लांब एखादं समरचं झाड, आपल्या बाभळीसारखं, पण वरून कापल्यासारखं चपटं. तू गाडी कडेला घेतलीस, एसी बंद केलास आणि काच खाली केलीस. “त्या झाडाच्या उजवीकडे बघ. दिसलं?”

मला जमीन दिसत होती. मी खूप वेळ बघत राहिले. मग जमिनीचा एक तुकडा हलला, त्याला कान होते.

“दिसलं?”

“हो.”

तू इतका खूश झालास की मी पुढे काही बोलले नाही. पण मामा, मला ते खरंच आपणहून दिसलं, की तू दाखवलंस म्हणून दिसलं, ते अजून सांगता येत नाही. तेव्हा हा प्रश्न लहान होता. आता तो मोठा झाला आहे.

तुम्ही कॅम्पमधले लोक थंडीला ‘सीझन’ म्हणायचात. इथे शिकारीला बंदी आहे. तरी हवा थंड झाली की शहरातून तंबू घेऊन गाड्या निघतात आणि त्यातल्या एखाद्या गाडीत बंदूकही असते, असं सगळे बोलतात. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण सीझन संपला की तुझं सुरू व्हायचं. गेल्या सीझनला वळणापाशी कळप होता, या सीझनला नाही. त्याच्या आधी तर खडीच्या ढिगापर्यंत यायची. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला बसलास की आमटी वाढायच्या आधी हरणं यायची.

आणि आपण भांडायचो. तू मराठीत, मी इंग्रजीत. मग तू म्हणायचास, “मॅडम, गरिबाच्या भाषेत सांगा,” आणि मी अडखळत मराठीत यायची. घरात माझं मराठी सुधारलं असेल तर ते तुझ्याशी भांडून.

“हरणं कमी नाय होत गो. जागा बदलतात.”

“मामा, जगातून जे जे प्राणी संपले त्यांच्याबद्दल लोक हेच म्हणत होते.”

“आमच्या गावच्या रानात एक साल भेकरंच भेकरं. पुढल्या साली औषधाला नाय. म्हातारे म्हणायचे, संपली. तिसऱ्या साली परत आली. कुठून आली? तुझ्या ऑफिसातून?”

“तुम्ही मारत होतात म्हणून कमी झाली.”

“मी कधी मारली? मी हाकारा होतो. जनावर उठवायला नुसता ओरडायचो.”

“म्हणजे गुन्ह्यात सामील.”

“ताई, हिला वकील का नाय केली?” तू आईला विचारायचास. आई म्हणायची, जेवा आता, दोघंही गुन्हेगार आहात.

मी हट्टाने सांगायची की एका वर्षाचा आकडा म्हणजे काहीच नसतं. पाऊस झाला तर गवत येतं, पिल्लं जगतात. पाऊस नसला तर ती समुद्राकडून येणाऱ्या धुक्याच्या मागे जातात, पानांवरचं दव चाटून राहतात, आणि तुझ्या रस्त्यावर दिसत नाहीत. तू म्हणायचास, “मग मी काय वेगळं सांगतोय? जागा बदलतात.” मला राग यायचा, कारण ते जवळजवळ बरोबर होतं. जवळजवळच. दोन्हीतला फरक तुला समजावून सांगायचं राहून गेलं. कधीतरी नीट बसून सांगू असं मला वाटायचं.

मी ज्या ऑफिसात लागले तिथे हेच काम आहे, हे कळल्यावर तुला केवढी मजा वाटली. कुठे काही बांधायचं असलं की आधी तिथे काय जगतंय ते बघून अहवाल द्यायचा. “म्हणजे सरकारमान्य हाकारा,” तू म्हणालास. “तुम्ही ड्रोन उडवणार. हरणं ड्रोन बघून पळणार. मग तुम्ही लिहिणार, हरणं नाहीत.” ऑफिसात हा विनोद मी कोणाला सांगितला नाही. ऑफिसात मी विनोद सांगत नाही.

मग एका वादीचं काम आलं. दुक्मच्या अलीकडे, कोरड्या नदीचं रुंद पात्र, समरची झाडं असलेलं. तुझ्या जुन्या रस्त्यावरच. तिथे एका कंपनीला सामान ठेवायचं मोठं आवार हवं होतं आणि त्याभोवती कुंपण. आमच्या लोकांनी उन्हाळ्यात, कोरड्या वर्षात, एकदाच फिरून पाहणी केली होती. जुन्या लेंड्या मिळाल्या, थोडे माग मिळाले, हरण एकही नाही. कुंपणाला हरकत नाही, असं जवळपास ठरत आलं होतं. मी तुला हे सांगितलं ते सहज, फोनवर, दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून.

तू म्हणालास, “नाहीत कशी? मी सांगतो तुला. दर आठवड्याला सांगतो.”

आणि सांगत राहिलास. कधी चार, कधी सात, पाऊस शिंतडल्यानंतर एकदम जास्त. तुझ्या आधीच्या कुठल्याही सीझनपेक्षा जास्त. मी ते मैमूनाला दाखवलं. मैमूना माझी वरिष्ठ. ओमानी आहे, तिचं अर्धं आयुष्य वाळवंटात प्राण्यांच्या मागे गेलंय आणि ती कोणाचं चटकन काही मानत नाही. तिने विचारलं, निरीक्षक कोण? मी म्हणाले, तिथला एक माणूस आहे, तो रस्ता रोज बघणारा. तो माझा मामा आहे हे मी सांगितलं नाही. लपवायचं असं नव्हतं. माझ्या घरातलं काही मी ऑफिसात नेत नाही, एवढंच. मैमूना म्हणाली, “ठीक. कंपनीच्या लोकांबरोबरच्या बैठकीत हे तू मांड. तुझा माणूस आहे.”

बैठकीची तारीख ठरली आणि मग तू गेलास.

सलीमभाई आणि शिंदेकाका निघाले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग लिफ्टने खाली गेले. आईला सांगितलं, कचरा टाकून येते. पार्किंगमध्ये सलीमभाईंनी गाडी चालू केली होती. काचेवर टकटक करायला मला जेवढा धीर लागला तेवढा कुठल्या परीक्षेला लागला नव्हता.

“सलीमभाई, मामाला यंदा हरणं दिसली नाहीत म्हणजे काय?”

ते शिंदेकाकांकडे बघायला लागले. शिंदेकाकांनी समोर बघितलं.

“बेटा, त्याला हरणच काय, लांबचा काहीच दिसत नव्हता,” सलीमभाई म्हणाले. “गेल्या रमजानपासून. शुगर होती ना. जवळचा दिसायचा, लांब सगळा धूर. म्हणून तर गाडी सोडून स्टोअरमध्ये बसला. तुम्हाला काय बोलला होता?”

तू आम्हाला बोलला होतास की कंबर दुखते, आता गाडी नको.

“मग मला सांगायचा ते आकडे?”

“तो मेसमध्ये दारापाशी बसायचा. कोण पण ड्रायव्हर आला, पहिला सवाल, आज किती? आम्ही सांगायचो. मी तीन, हा दोन, तो पठाण चार. तो जोडायचा.”

“सगळे त्याच रस्त्याने यायचात?”

“दुसरा रस्ता कुठे आहे?”

मामा, तू जोडायचास. त्याच रस्त्यावरून, त्याच दिवशी गेलेल्या पाच-सहा जणांची हरणं. सकाळी सलीमभाईंना दिसलेलंच दुपारी शिंदेकाकांना दिसलं असेल, तर तुझ्याकडे ते दोन व्हायचं. यंदा हरणं वाढली नव्हती. बघणारे वाढले होते. गेल्या सीझनपर्यंत तू एकटा बघत होतास, या सीझनला सगळा मेस बघत होता. आणि माझं शिक्षण नेमकं याच गोष्टीचं आहे, की मोजणारा बदलला तर आकडा बदलतो.

मी पुढचं विचारलं, ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं. “पण तुम्हाला खरंच दिसायची ना?”

सलीमभाईंनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. “दिसायची. कधी कधी नाय पण दिसायची. गाडी स्पीडमध्ये, झोप आलेली, कोण बघतो. पण तो दारात बसलेला असायचा ना बेटा, असा तोंड वर करून. त्याला काय बोलायचा, कुछ नहीं? मग बोलायचं, दोन.”

“मी पाहिलेलीच सांगायचो,” शिंदेकाका म्हणाले.

“तू? तू बकऱ्यांना पण हरण बोलायचास.”

“एकदाच. ती बकरीच तशी होती.”

दोघे हसले आणि लगेच थांबले, माझ्यामुळे. मलाही हसू आलं होतं. तू असतास तर तिथेच त्या बकरीवर अर्धा तास काढला असतास.

वर आले तर आईने बॅग उघडली होती. तुझे शर्ट तिने पुन्हा घडी घालून रचले होते. मी तिला डोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं.”

“तुला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. पण शुक्रवारी तो माशातले काटे बोटांनी चाचपायला लागला होता. मग मी त्याचे काटे काढून द्यायला लागले.”

मी ते पाहिलं होतं, मामा. पाच-सहा महिने, कॅम्पच्या गाडीने तू यायचास त्या प्रत्येक शुक्रवारी पाहिलं होतं. मला वाटायचं, बहीण भावाचे लाड करते. मनात थोडी चिडचिडही व्हायची, की माझे काटे कोणी काढत नाही.

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. मग मी म्हणाले असते, गावी जा. तो गेला असता, आणि गावी करणार काय? इथे त्याला तीसेक वर्षं झाली.” तिने एक शर्ट उगाच पुन्हा झटकला. “शिवाय फोनवर तुला हरणं सांगत होता ना. मला वाटलं, तेवढं दिसत असेल.”

मग मी तिला जोडण्याचं सांगितलं. मेसचं, ड्रायव्हरांचं. हे ऐकून मात्र ती थेट हसली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

“आमच्याकडे असंच मोजतात,” ती म्हणाली.

तिने जे सांगितलं ते तू मला इतक्या वर्षांत कसं सांगितलं नाहीस? तुमच्या गावात शिकार बंद झाली त्याच्या आधी, दिवसभर रानात हाका घालून संध्याकाळी सगळे देवळासमोर बसायचे. एकेक हाकारा उठून सांगायचा, मला एवढी दिसली. म्हातारे सगळं जोडायचे आणि त्यावरून यंदा रान कसं आहे ते ठरायचं. एकच भेकर पाच जणांसमोरून पळालं तर ते पाच. कोणी हरकत घ्यायची नाही. आणि मटणाचा वाटा घरटी निघायचा, पण ज्याने ‘मला काही दिसलं नाही’ म्हटलं त्याचा अर्धा. कारण काही न दिसलेला हाकारा म्हणजे झाडाखाली झोपलेला हाकारा.

“मग कोणी म्हणायचं, काही दिसलं नाही?”

“कोण म्हणेल?”

“आणि ज्या वर्षी रानात खरंच नव्हती? मामा सांगायचा ते वर्ष, औषधाला नाही ते?”

आई आठवायला लागली. “त्या वर्षीपण सगळ्यांनी पाहिली होती,” ती म्हणाली. “फक्त हाती काही लागलं नाही.”

मी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिले. तुझी लुंगी माझ्या मांडीवर होती, तिला अजून कॅम्पच्या साबणाचा वास होता.

तेव्हापासून मी हे उलटसुलट करून बघते आहे. एक दिवस मला वाटतं, तू खोटं बोललास. माझ्या कामाला उपयोग होईल, भाचीचं ऑफिसात नाव होईल, म्हणून आकडे फुगवलेस. दुसऱ्या दिवशी वाटतं, तू अजिबात खोटं बोलला नाहीस. तुला लहानपणापासून जसं मोजायला शिकवलं तसं मोजलंस, आणि मी कधी विचारलं नाही की मामा, मोजतोस कसा? तिसरंच काहीतरी मधेच वाटतं, की हे माझ्यासाठी नव्हतंच. तुला दिसेनासं झालं होतं आणि ‘काही दिसलं नाही’ हे वाक्य तुझ्याकडे नव्हतं. मग त्या माणसांनी तुला रोज दोन-दोन, तीन-तीन हरणं आणून दिली, जेवणाचा डबा आणून द्यावा तशी. तू ती माझ्याकडे पाठवलीस. मी ती खरी म्हणून पुढे मांडली. यात नेमकं कोणी कोणाला फसवलं ते मला कळत नाही. सगळे एकमेकांशी चांगलेच वागत होते.

आणि तरी पिल्लं? “त्यात दोन पिल्लं,” असं तू म्हणालास. तुला बरं वाटावं म्हणून दोन हरणं सांगणारा माणूस त्यात पिल्लं कशाला घालेल? ते कोणीतरी पाहिलंच असेल. असं म्हणते आणि मग मला शिंदेकाकांची बकरी आठवते.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तू मला सांगितलं असतंस तर मी सुट्टी घेऊन आले असते. तुझ्या जागी गाडीत बसले असते आणि तुला सांगितलं असतं, मामा, झाडाच्या उजवीकडे. हे मी आता म्हणते. पण तू सांगितलं असतंस तर मी खरंच आले असते का? मी तुला डॉक्टरांची नावं पाठवली असती. इंग्रजीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मैमूनाला सगळं सांगितलं. तुझं नातं सोडून. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “मग तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. आकडे मागे घे. कोणाला काही कळणार नाही, जुनी पाहणीच धरली जाईल आणि कुंपण घातलं जाईल. किंवा आकडे राहू दे. त्यांनी विचारलं तर तुला उभं राहून ते खरे आहेत म्हणावं लागेल.”

“तुम्ही काय केलं असतं?”

“मला तो माणूस माहीत नाही,” ती म्हणाली. “तुला माहीत आहे.”

तिला वाटलं ती मला मदत करते आहे. मी घरी आले आणि विचार करत बसले, मला तो माणूस माहीत आहे का? मला तुझी कंबर माहीत होती, जी दुखत नव्हती. डोळे माहीत नव्हते. तुझा आवाज माहीत होता, तू चहात किती साखर चोरून घालायचास ते माहीत होतं, आणि मला बोलता येत नाही म्हणून तू पाहुण्यांसमोर माझ्या वाटचं बोलायचास हेही माहीत होतं. “तिला म्हणायचंय की,” असं सुरू करून तू भलतंच काहीतरी सांगायचास, आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आभार मानायला तोंड उघडावं लागलं असतं.

बैठकीत कंपनीची तीन माणसं होती. सभ्य, घाईत असलेली, एकाच्या मनगटावर भारी घड्याळ. पडद्यावर आधी जुनी पाहणी आली, मग तुझे आकडे. घड्याळवाल्या माणसाने दोन्हीकडे पाहिलं आणि इंग्रजीत, अगदी साधेपणाने विचारलं, “तुमची माणसं म्हणतात एकही नाही. हा निरीक्षक म्हणतो, पूर्वीपेक्षा जास्त. यातलं खरं कुठलं? आणि या माणसाशी आम्हाला बोलता येईल का?”

मैमूना माझ्याकडे बघत होती. सगळेच बघत होते. खोलीतला एसी फार थंड होता. क्षणभर मला वाटलं, कोणीतरी ‘तिला म्हणायचंय की’ असं सुरू करेल.

मग मी बोलले. बसूनच बोलले आणि आवाज लहान होता, पण मैमूना नंतर म्हणाली की शेवटपर्यंत ऐकू आला. बोलले इंग्रजीत. तुझ्यासाठी इथे मराठीत लिहिते.

“त्यांच्याशी बोलता येणार नाही. ते माझे मामा होते, आणि ते आता नाहीत. हे आकडे त्यांनी एकट्याने पाहिलेले नाहीत. पाच-सहा ड्रायव्हरांनी पाहिलेली हरणं त्यांनी जोडली आहेत, तेच हरण अनेकदा मोजलं गेलं असेल, काही नसतीलही. म्हणून हे आकडे धरू नका. पण आमचे लोक उन्हाळ्यात एकदा जाऊन आले आणि नाहीत म्हणाले, तेही धरू नका. हरणं किती आहेत ते मला माहीत नाही, आणि या खोलीत कोणालाच माहीत नाही. कुंपणाआधी थंडीत मोजायला हवं, पावसानंतर पुन्हा मोजायला हवं. मी जाते. आणि मला काही दिसलं नाही, तर काही दिसलं नाही असं येऊन सांगेन.”